मावशीचा हात: दोन शतांश

कारखान्यात तिला सगळे पावडरमावशी म्हणत. तोंडावर मावशी, पाठीमागे नुसतं पावडर. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हीचं काही वाटत नसे. "नाव पडलं म्हणजे माणूस कुणाला तरी दिसला," असं ती म्हणायची. "इथं निम्म्यांना नंबरानं हाका मारतात."

तिचं काम एका वाक्यात सांगून संपायचं. चकचकीत पिनांवर पांढरी पावडर फवारायची आणि मापं घेऊन झाली की ती धुऊन काढायची. ऐकणारा हसायचाच. धाकट्या भावाच्या बायकोनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तीही हसली होती. "म्हणजे वन्सं, आधी मळवायचं आणि मग धुवायचं? हे तर मी माहेरी फुकट करत होते."

पण गोम त्यातच होती. कारखान्यात लिफ्टच्या ब्रेकच्या पिना बनत. बोटाएवढी पिन, एका टोकाला अंड्याच्या आकाराचं डोकं, आणि अंगभर आरशासारखी झळाळी. ते डोकं मापाच्या कुठल्याच हत्यारात धड बसत नसे. शिवाय हत्यार टेकलं की झळाळीवर चरा उठायचा आणि पिन भंगारात जायची. म्हणून अकरा वर्षांपूर्वी एक यंत्र आणलं. ते वस्तूला हात न लावता मोजायचं. अंधाऱ्या खोलीत पिनेवर निळ्या उजेडाचे पट्टे टाकायचं, ते पट्टे कुठं किती वाकतात हे दोन कॅमेऱ्यांनी बघायचं, आणि मिनिटभरात पिनेचा सगळा आकार आकड्यांसकट पडद्यावर. अंधारात बसून दोन डोळ्यांनी टक लावणारं, म्हणून पोरांनी त्याचं नाव ठेवलं घुबड.

घुबडाला एकच गोष्ट सोसत नसे, चकाकी. चकचकीत अंगावरून उजेड घसरून जायचा आणि पडद्यावर पिनेच्या जागी भोकं दिसायची. म्हणून पावडर. आरशावर वाफ धरावी इतका पातळ थर बसला की चकाकी मरायची आणि घुबडाला दिसायला लागायचं.

आता थर म्हटला की जाडी आली. मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातला एक म्हणजे शतांश, आणि माणसाचा केस असतो सात-आठ शतांश जाड. पिनेला सूट होती चार शतांशांची, एवढाच फरक चालायचा. त्यामुळे पावडर किती बसली ते वजा केल्याशिवाय माप खरं होत नव्हतं. तेव्हा मोजणीच्या खोलीवर एक आप्पा होते, सुपारीएवढी गोष्टही दोनदा मोजणारे. त्यांनी पाच-सहा जणांना फवारायला बसवून पाहिलं. कुणाचा थर चार भरे, कुणाचा आठ, कुणाचा सकाळी एक आणि जेवणानंतर दुसरा. शेवटी गोदाम झाडणाऱ्या या बाईच्या हातात बाटली दिली. तरुणपणी ती खेळण्यांच्या कारखान्यात होती. बाहुल्यांच्या गालांवर गुलाबी फवारा मारण्यात तिची नऊ वर्षं गेली होती. तिनं पन्नास पिना फवारल्या. पन्नासच्या पन्नास दोन शतांश.

आप्पा म्हणाले, "चकाकी मेली की हात थांबव. आधी नाही, नंतर नाही. एवढंच तुझं काम." आणि एका चिठ्ठीवर लिहून ती घुबडाच्या पाठीवर चिकटवली: 'मावशीचा हात: दोन शतांश.' पुढं तोच आकडा यंत्रातही भरला गेला. प्रत्येक पिनेच्या मापातून यंत्र आपोआप दोन शतांश वजा करायचं.

त्या चिठ्ठीचा तिला अभिमान होता. बोलून दाखवायची नाही, पण खोली पुसताना चिठ्ठीवरची धूळ पदरानं टिपायची. तिच्या आयुष्यात तिच्या नावानं लिहिलेलं तसं फार काही नव्हतं. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी कामासाठी म्हणून गेला तो गेलाच. आई त्याच्या आधीच गेलेली. तिच्याहून अकरा वर्षांनी धाकटा भाऊ तिनंच वाढवला, तिनंच या कारखान्यात चिकटवला. तो पिना घासायच्या मशीनवर होता. चटकन पेटायचा म्हणून कारखान्यात त्याला ठिणगी म्हणत. घरी तो धाकट्या, आणि ती अक्का.

दर सहा महिन्यांनी मावशीचा हात पुन्हा तपासायचा, असा आप्पांचा शिरस्ता होता. आप्पा निवृत्त झाले आणि शिरस्ता त्यांच्याबरोबर घरी गेला. त्यांच्या जागी जाड भिंगांचा चष्मा लावणारा तरुण साहेब आला. तो रोज सकाळी घुबडाला एक पांढरा गोळा दाखवायचा. गोळ्याचं माप पक्कं ठाऊक असलेलं. ते बरोबर आलं म्हणजे घुबड शुद्धीवर आहे. गोळा मुळातच बिनचकाकीचा, त्याला पावडर लागत नसे. माप रोज बरोबर यायचं आणि चष्मेवाला रोज वहीत 'ठीक' लिहायचा.

त्या हिवाळ्यात मावशीला दिव्यांभोवती केस फुटलेले दिसायला लागले. बल्बला, गाड्यांच्या दिव्यांना, खिडकीतल्या उन्हालाही. "हल्ली बल्ब काय भिकार येतात," ती भावजयीला म्हणाली. "नुसते पिंजारलेले." कारखान्यात वर्षातून एकदा डोळे तपासायचे. तपासणारा दारात उभा राहून विचारायचा, "दिसतं ना मावशी?" ती म्हणायची, "तू दिसतोस म्हणजे सगळं दिसतं." तो टीक करून पुढं जायचा.

वसंतात भावाचं आणि चष्मेवाल्याचं पहिल्यांदा वाजलं. मोजणीच्या खोलीच्या खिडकीशी भाऊ पिन घेऊन उभा होता.

"साहेब, ही पिन बारीक झालीय."

"पडद्यावर जाड येतेय. अजून दोन शतांश काढ."

"हिचा दांडा चरा पाडून मोजलाय. माझा मायक्रोमीटर सांगतोय, ऑलरेडी बारीक आहे."

"तुझा मायक्रोमीटर तुझ्या आजोबांच्या वयाचा आहे."

"आजोबा खोटं बोलत नव्हते."

आत मावशी ट्रे पुसत होती. ती म्हणाली, "धाकट्या, जरा तोंड आवर. यंत्राचं काय तुझ्याशी वैर आहे?"

दोन महिन्यांनी पुन्हा तेच झालं. पुन्हा ती म्हणाली, तोंड आवर. त्या वेळी भावानं तक्रारवहीत एक ओळ खरडली, 'घुबड आंधळं आहे', आणि खाली सही ठोकली. वाचून सगळे हसले. मग घुबड सांगेल तेवढी पिन तो घासत गेला. हुकूम तसाच होता.

शरद लागला आणि एका सात मजली इमारतीत लिफ्ट दीड मजला घसरली. आत एक म्हातारा होता, हातात दुधाची पिशवी. दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला. लिफ्ट कंपनीनं ब्रेक उघडला तर पिन भोकात खुळखुळत होती. ती पिन ज्या तीन दिवसांत बनली, त्या दिवसांतल्या सगळ्या पिना त्यांनी परत पाठवल्या. पाठवण्याआधी त्यांनी आपल्या हत्यारांनी मोजल्या होत्या, सहा-सात शतांश बारीक.

मग कारखान्याच्या कचेरीत जो हिशेब मांडला गेला तो असा. कागद सांगतात, पिना बरोबर होत्या. कागद घुबडाचे. घुबड रोज सकाळी गोळा बरोबर मोजतं, म्हणजे घुबड खोटं नाही. मग पिना बारीक झाल्या त्या मापानंतर. मापानंतर पिना कोण घासू शकतो? ज्याच्या हातात मशीन आहे तो. आणि का घासेल? यंत्र आंधळं आहे हे दाखवायला. त्यानं तर लिहूनच दिलंय, सहीसकट.

भावाला त्याच दिवशी फाटकाबाहेर काढलं. पुढच्या आठवड्यात गुरुवारी लिफ्ट कंपनीचा माणूस चौकशीला येणार होता, आणि त्यानंतर कागद पोलिसांकडं. माणूस मेला होता, साधी गोष्ट नव्हती. मावशी घरी येऊन एवढंच म्हणाली, "तू असलं काही केलं नाहीस ना रे?"

 भाऊ उठून मागच्या पायरीवर गेला आणि घरातल्या सुऱ्यांना धार लावत बसला. आठवडाभर तो तेच करत होता. भाजी चिरताना भावजयीची बोटं तीनदा कापली.

रविवारी सकाळी भाची, भावाची मुलगी, आत्याकडं पावडरचा डबा घेऊन आली. तिचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं आणि दुकानातल्या नोकरीच्या अर्जाला फोटो हवा होता. लहानपणापासून शाळेच्या फोटोआधी तिच्या तोंडाला पावडर लावायची ती आत्यानंच, कारण आत्याचा हात हलका. "तेलकट दिसायला नको फक्त," भाची म्हणाली.

मावशीनं तिला खिडकीकडं तोंड करून बसवलं. कपाळावर ऊन चमकत होतं. ती हलक्या हातानं लावत गेली. चमक जाईना. अजून थोडी, नाकावर, गालावर. चमक गेली तशी ती थांबली. "हं, झालं."

भाची आरशाकडं गेली आणि हसत सुटली. "आत्या, भूत केलंस माझं. हे बघ, बोट फिरवलं तर रेघ उठतेय."

मावशीनं जवळ जाऊन पाहिलं. दिसलं नाही. बोट फिरवून पाहिलं. बोटाला कळलं.

ती तशीच उभी राहिली. भाची तोंड धुवायला गेली, नळ सुरू झाला, बंद झाला, तरी ती उभीच होती. चकाकी मेली की हात थांबव. आधी नाही, नंतर नाही. ती तर आप्पांच्या शब्दाला जागून रोज तसंच करत आली होती.

मागच्या पायरीवर ती भावाशेजारी जाऊन बसली.

"धाकट्या, तुझा मायक्रोमीटर खरा होता."

"ते मला माहीत आहे."

"घुबडही खोटं नव्हतं. मला दिव्यांना केस दिसतात रे. पिनेवरची चकाकी मरतच नाही माझ्या डोळ्यांपुढं. मी मारत बसते. थर वाढत गेला आणि यंत्र आपलं दोनच वजा करतंय. जाड दिसली की तुला सांगतात घास."

भावाच्या हातातली सुरी थांबली. "कधीपासून?"

"हिवाळ्यापासून."

दारात भावजय येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "वन्सं, हे इथंच राहू दे. यांचं जे व्हायचं ते होईल. वकील तरी करता येईल. पण तुम्हीही घरी बसलात तर या घरात खायचं काय?"

मावशीनं भावाकडं पाहिलं.  तो म्हणाला, "ती बरोबर बोलतेय." आणि सुरीवर पाण्याचा हात फिरवत पुढं म्हणाला, "दोनदा तू मला म्हणालीस, तोंड आवर. आवरलं. आता तू आवर."

सोमवारी तिनं आवरलं. मंगळवारीही. दोन दिवस ती बोटांनी मोजून फवारत होती, एक-दोन-तीन आणि थांब, मग डोळ्यांना काहीही दिसो. पण मन खात होतं. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत चष्मेवाला एकटा असताना ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"साहेब, माझा हात मोजा."

तो हसला. "मावशी, मी ज्योतिषी आहे का?"

"थर मोजा म्हणते. आप्पा मोजायचे तसा. भंगारातली उघडी पिन हत्यारात धरा, मग माझ्या हातची घुबडाला दाखवा."

तिनं आपल्या डोळ्यांना बरी वाटेल तशी पिन फवारली. चष्मेवाल्यानं मोजली. मग दुसरी. तिसऱ्या पिनेला त्यानं चष्मा काढून पुसला. आकडा तोच होता. नऊ.

"दोन वजा होतात," तो पुटपुटला. "सात उरतात. मावशी, हे तीन दिवसांचं नाही मग. हे..." पिना जाड येऊन परत घासायला कधीपासून जायला लागल्या, ते तो पडद्यावर जुन्या तारखांत शोधत गेला. "आठ महिने. अकरा हजार पिना."

"कुठं आहेत त्या?"

"कुठं असणार? लिफ्टमध्ये."

तो लगेच मोठ्या साहेबांकडं गेला. तिला पाऊण तासानं आत बोलावलं. मोठ्या साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. 

"मावशी, डोळ्यांचं ऑपरेशन आपण करून देऊ. पावडरचं काम दुसरं कुणी बघेल, तुम्ही धुण्याचं बघा. तीन वर्षं राहिलीत ना निवृत्तीला? सुखानं काढा."

"आणि भाऊ?"

"त्याचं प्रकरण पोलिसांत जाणार नाही. तो लिहून देईल की मापानंतर चुकून पिना घासल्या गेल्या. चूक झाली, काम सोडतो. विषय संपला."

"त्यानं घासल्या नाहीत."

"ते आपल्याला कळलं, मावशी. पण कागदाला तीन दिवसांपुरता दोषी माणूस पाहिजे. आठ महिन्यांचा परवडणार नाही. कारखाना बसेल."

"बाकीच्या पिना?"

"त्यांची कुणाची तक्रार नाही." साहेबांनी ग्लासवर झाकण ठेवलं. "उद्या चौकशीत कुणी तुम्हाला विचारणार नाही. आपण होऊन बोलायला जाऊ नका. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

ती घरी आली. तिला तो म्हातारा आठवत होता, जो तिनं कधी पाहिला नव्हता. दुधाची पिशवी फुटली असेल का, एवढंच पुन्हा पुन्हा डोक्यात येत होतं. सकाळी निघताना भावजयीनं डबा हातात दिला आणि डबा सोडला नाही. "वन्सं, तुमच्या भाचीची आण आहे."

"तीपण लिफ्टनंच जाईल कुठंतरी," मावशी म्हणाली. भावजयीनं डबा सोडला.

लिफ्ट कंपनीचा माणूस बारीक अंगाचा होता, त्याला पडसं झालेलं होतं आणि तो सारखा रुमाल नाकाला लावत होता. मोजणीच्या खोलीत तो, मोठे साहेब, चष्मेवाला आणि कोपऱ्यात सहीसाठी बोलावलेला भाऊ. भावापुढं टाइप केलेला कागद. तो सही करणारच होता. मावशी धुण्याचा ट्रे घेऊन आत आली आणि ट्रे खाली ठेवून उभी राहिली.

"मावशी, नंतर या," मोठे साहेब म्हणाले.

"मी इथं पावडर मारते," ती पाहुण्याला म्हणाली. "तुमच्या पिना घुबडानं मोजल्या, त्याआधी माझ्या हातातून गेल्या. मारून दाखवते."

"अक्का," भाऊ म्हणाला.

"तू आवर तोंड." हे तिसऱ्यांदा होतं.

चष्मेवाल्यानं दिवा लावला. मोठे साहेब काही बोलायच्या आत तिनं पिन उचलली, बाटली हलवली आणि फवारायला लागली. "चकाकी मेली की थांबायचं," ती सांगत होती, जसं आप्पांनी तिला सांगितलं होतं. पिन पांढरी झाली. ती फिरवून फवारत राहिली. पिनेवर आता मिठागत कणी दिसायला लागली. अंड्यासारखं डोकं जाडजूड झालं. "थोडी राहिलीय," ती म्हणाली. "इथं बघा, अजून चमकतेय."

 पाहुण्याचा रुमाल हातातच राहिला.

"थांबा बाई," तो हळूच म्हणाला. "ती केव्हाच मेली."

त्यानं घुबडाच्या पाठीवरची पिवळी पडलेली चिठ्ठी वाचली. मग चष्मेवाल्याला विचारलं, हा आकडा शेवटचा कधी तपासला? चष्मेवाल्यानं खाली बघून खरं ते सांगितलं.

भावावरचा आरोप त्याच दिवशी गेला. तसा कागदही मिळाला, शिक्क्यासकट. भावजयीनं तो कपाटात साड्यांखाली ठेवला. आठ महिन्यांच्या पिना लिफ्ट कंपनीनं परत मागवल्या आणि पुन्हा कधी या कारखान्यातून पिन घेतली नाही. तीन पाळ्यांची एक झाली. एकशे चाळीस माणसं घरी बसली, त्यात चष्मेवाला होता आणि भाऊही. त्याच्या मशीनवर ताडपत्री पडली. मावशीला डोळ्यांचा दोष लपवला म्हणून काढलं. ऑपरेशनचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

गल्लीत बायका वाट सोडायच्या. दुकानाशी एकीनं तिला ऐकू जाईल असं म्हटलं, "राजा हरिश्चंद्राची बहीण आली. हिच्या खरेपणानं आमच्या चुली विझल्या." मावशी पिशवी घेऊन उभी राहिली, तिचा नंबर आला, तिनं सामान घेतलं.  त्या बाईच्या नवऱ्याच्या मशीनवरही ताडपत्री पडली होती. भावजय चहा हातात न देता खाली ठेवून जायची.

वर्ष गेलं. भाऊ आता चाकाची गाडी घेऊन गल्लोगल्ली सुऱ्या-कात्र्यांना धार लावतो. भाची दुकानात उभी असते. तिनंच साठवून आत्याचं ऑपरेशन केलं, सरकारी दवाखान्यात, सहाव्या मजल्यावर.

पट्टी काढली तेव्हा छताचा दिवा साधा गोल दिसला, एक केस नाही. मग तिनं न्यायला आलेला भाऊ पाहिला. कानशिलं पांढरी झालेली, गाल आत गेलेले. हे कधी झालं ते तिला कळलंच नव्हतं.  त्यानं पिशवी उचलली.

पॅसेजच्या टोकाला लिफ्ट उघडून उभी होती. आत दोघं-तिघं माणसं त्यांची वाट बघत होती. मावशी थबकली.

"चल की," भाऊ म्हणाला. "बदलल्यात त्या पिना. आपल्या कारखान्याच्या सगळ्या बदलल्या."

"नवीन कुणी मोजल्या?"

 आतल्या माणसानं विचारलं, "येताय का?" भावानं नाही म्हणून मान हलवली. दार बंद झालं. लिफ्ट खाली जाताना दोघं तिचा आवाज ऐकत उभी राहिली, ती तळाशी टेकेपर्यंत.

मग तो जिन्याची एक पायरी खाली उतरला आणि त्यानं मागं हात केला. "धर. सहा मजले आहेत."

"दिसतंय मला आता," ती म्हणाली, आणि तरी तिनं हात धरला.